महागडी फिल्म न घेता बाल्साचं विमान कसं मढवायचं

फासळ्या, मुख्य दांडी, पुढची कड, मागची कड असं सगळं चिकटून बाल्सा या हलक्या लाकडाचा मॉडेल विमानाचा सांगाडा टेबलावर उभा राहिला की विमान झालंच असं वाटतं. मग मढवायच्या फिल्मची चौकशी होते आणि काम तिथेच अडतं. ओराकव्हरसारख्या चांगल्या इस्त्री-फिल्मच्या एका रोलला जवळपास सांगाड्याच्या लाकडाइतकेच पैसे लागतात. दोन रंग हवे असतील तर दोन रोल. मला असे कितीतरी सांगाडे माहीत आहेत जे याच कारणानं माळ्यावर गेले ते परत उतरलेच नाहीत. मला ते बघवत नाही. कारण विमान मढवायला लागणारा माल आपल्या बाजारात भरपूर आहे, फक्त तो पतंगवाल्याकडे, लॅमिनेशनच्या दुकानात आणि कापडबाजारात विखुरलेला आहे.

माझी सुरुवात एनसीसीच्या एअर विंगमध्ये झाली. तेव्हापासून आजवर लॅमिनेशन फिल्म, पतंगी कागद, अस्तर आणि ब्राउन पेपर या चारही गोष्टींनी मढवलेली विमानं मी उडवली आहेत. चारही चालतात. पण कुठल्या विमानाला काय, हे किमतीवरून ठरवायचं नसतं, वजनावरून ठरवायचं असतं.

आधी काटा, मग कात्री

0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा खिशातला काटा घ्या. ज्या मालाचा विचार चाललाय त्याचा 20 बाय 50 सेंटीमीटरचा तुकडा कापा, घडी घालून काट्यावर ठेवा, आलेल्या आकड्याला 10 नं गुणा. हे झालं त्याचं दर चौरस मीटरचं वजन. दुकानदार काय सांगतो, वेष्टनावर काय छापलंय, यापेक्षा हा आकडा खरा.

आता हिशेब बघा. 120 सेंटीमीटर पंखविस्ताराचं, 20 सेंटीमीटर रुंद पंखाचं शिकाऊ विमान घेऊ. पंखाच्या दोन्ही बाजू मिळून 0.48 चौरस मीटर. शेपूट आणि धड धरून एकूण पाऊण चौरस मीटर होतं. नेहमीची विकतची फिल्म चौरस मीटरला 60 ते 70 ग्रॅम असते, म्हणजे विमानावर साधारण 50 ग्रॅम चढतात. पातळ लॅमिनेशन फिल्म 30 ते 35 ग्रॅमची असते, तिचे 25 चढतात. अस्तराचं कापड लॅकर आणि रंगासकट सहज 100 च्या वर जातं, म्हणजे 75 ग्रॅम. सहा-सातशे ग्रॅमच्या विमानात 25 आणि 75 यांतला फरक उतरताना लगेच जाणवतो.

त्यातही शेपटीकडे जास्त लक्ष द्या. शेपूट गुरुत्वमध्यापासून लांब असते, त्यामुळे तिथे 1 ग्रॅम वाढला तर तोल सांभाळायला नाकात 2 ते 3 ग्रॅम शिसं भरावं लागतं. म्हणून पंखाला काहीही लावलंत तरी शेपटीला घरातला सगळ्यात हलका माल लावा. पंख लॅमिनेशन फिल्मचे आणि शेपूट पतंगी कागदाची, ही जोडी मला फार आवडते.

लॅमिनेशन फिल्म

दाखले, नकाशे, पोस्टर लॅमिनेट करणाऱ्या दुकानात रोलचं गरम मशीन असतं. त्याला लागणारी फिल्म म्हणजे एका अंगाला पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा आणि दुसऱ्या अंगाला उष्णतेनं वितळणारा गोंद. विकतच्या इस्त्री-फिल्मचं तत्त्वही हेच आहे. फरक एवढाच, की ती रंगीत असते आणि आकसण्यासाठी मुद्दाम घडवलेली असते.

आयकार्डाचे पाऊच मात्र घेऊ नका. 125 मायक्रॉनच्या पाऊचचा एक पापुद्रा चौरस मीटरला सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरतो, शिवाय तो वळणावर बसत नाही. आपल्याला 25 ते 38 मायक्रॉनचा रोल हवा. 38 मायक्रॉनचा चौरस मीटरला पंचेचाळीसच्या आसपास भरतो आणि मोठ्या विमानाला पुरेसा दणकट असतो.

दुकानात मागताना ‘पॉलिएस्टरची थर्मल फिल्म’ असं स्पष्ट सांगा. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जी फिल्म चढवतात ती बहुतेक बीओपीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते. ती दिसायला अगदी तशीच असते, स्वस्तही असते, आणि दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून देतो. मी एकदा असाच रोल आणला. पंखाची खालची बाजू सुरेख बसली. वरची बाजू ताणायला हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, फिरवली, आणि दोन फासळ्यांच्या मधोमध रुपयाएवढं भोक पडून ते डोळ्यांदेखत कडेपर्यंत पसरत गेलं. सगळा पंख सोलून पुन्हा मढवावा लागला. कारण साधं आहे. बीओपीपी 165 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टर अडीचशेपर्यंत टिकतं. हीट गनखाली बीओपीपीला चुकायला जागाच नसते.

ओळखायची सोपी खूण पाण्याची. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, फिल्मचा नखाएवढा तुकडा बोटानं बुडवा, बुडबुडे झटका आणि सोडा. पॉलिएस्टरची फिल्म तळाला जाते, बीओपीपीची वर तरंगते. रोल विकत घेण्याआधी वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी ही परीक्षा करा.

गोंदाची बाजू कुठली ते पुढचं कोडं. प्रकाशात तिरकं धरलं की एक बाजू काचेसारखी चकचकीत आणि दुसरी किंचित धुरकट दिसते. धुरकट ती गोंदाची. शंका असेल तर कोपऱ्याला इस्त्रीचं टोक टेकवा, जी बाजू इस्त्रीला चिकटेल ती गोंदाची. चिकटलेला गोंद इस्त्री कोमट असतानाच सुती कापडानं पुसून काढा.

सांगाडा 220 आणि मग 320 च्या पॉलिश पेपरनं घासून घ्या. पारदर्शक फिल्मखाली गोंदाचा प्रत्येक ओघळ दिसतो, तेव्हा इथे घाई नको. धूळ ब्रशनं, मग ओलसर कापडानं काढा. जिथे फिल्म चिकटणार आहे त्या फासळ्यांच्या माथ्यावर आणि कडांवर निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. सुकलेला फेविकॉल उष्णतेनं पुन्हा मऊ होतो, त्यामुळे पकड चांगली येते.

इस्त्री घरचीच चालते, फक्त वाफ बंद. कपड्यांवरच्या धुलाईच्या खुणांत एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. इस्त्रीवरचे ठिपके त्याच क्रमाचे असतात, पण प्रत्येक इस्त्रीची मात्रा वेगळी, म्हणून टाकाऊ चौकटीवर आधी तपासा. एका ठिपक्यावर फिल्म चिकटते, दोनच्या पुढे ती ताणू लागते. इस्त्रीच्या तळाला जुन्या सुती बनियनचं कापड ताणून बांधा, म्हणजे फिल्मवर ओरखडे येत नाहीत.

चारही बाजूंनी तीन-चार सेंटीमीटर जास्त राहील असा तुकडा कापा. पंखाची खालची बाजू आधी. बुंध्याच्या, म्हणजे धडाकडच्या फासळीवर मध्यभागी एक टाका द्या, म्हणजे इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. मग हात फिरवून समोरच्या टोकाला हलका ताण देऊन दुसरा टाका. मग पुढची कड, तिच्या समोर मागची कड. तबला मढवणारा वादी खेचताना जसा समोरासमोर जातो तसंच जायचं. एका कडेनं सलग चिकटवत गेलात तर शेवटी सगळ्या सुरकुत्या एका कोपऱ्यात गोळा होतात आणि तिथून हलत नाहीत. टाके पुरे झाले की मधल्या जागा भरत सगळ्या कडा चिकटवा, जादाची फिल्म नव्या ब्लेडनं कापा आणि पाच-सहा मिलिमीटर कडेवरून वळवून पक्की करा. मग वरची बाजू, तिची कड खालच्या फिल्मवर चढेल अशी. पंखाच्या टोकाच्या वळणावर एका हातानं फिल्म ओढून धरायची आणि दुसऱ्या हातानं गरम इस्त्री मागोमाग सरकवायची. या वळणाला वेळ लागतोच.

दोन्ही बाजू पूर्ण चिकटल्याशिवाय ताणायला घेऊ नका. हीट गन 10 ते 15 सेंटीमीटर लांब धरून सतत फिरती ठेवा. केस वाळवायचा ड्रायर इथे पुरत नाही. फिल्म आधी किंचित लहरते, मग एकदम सरळ होते. सरळ झाली की थांबा. खण म्हणजे दोन फासळ्यांमधली जागा; एक खण वरचा, एक खण खालचा असं आलटून पालटून घ्या, नाहीतर पंख पिळतो. बोटाच्या टिचकीनं आवाज ऐका, सगळ्या खणांचा नाद साधारण सारखा आला पाहिजे.

या फिल्मची एक मर्यादा आहे. डोप (कागद ताणून ताठ करणारं द्रावण) दिलेला कागद सांगाड्याला पीळ पडू नये म्हणून जी ताठरता देतो, ती फिल्म देत नाही. सांगाडा नाजूक असेल तर पुढच्या कडेला वरून-खालून 1.5 मिलिमीटरची बाल्सा शीट लावून बंद पेटी करा किंवा फासळ्यांमध्ये तिरक्या पट्ट्या घाला. हे न करता वेगवान विमानाला फक्त फिल्म चढवली तर सूर मारताना पंख फडफडू शकतो.

पतंगी कागद आणि लॅकर

छोट्या विमानांसाठी, म्हणजे मीटरभराच्या आतल्या, रबरावर उडणाऱ्या किंवा हलक्या ग्लायडरसाठी, मी अजूनही कागदच निवडतो. परदेशात यासाठी खास जपानी टिश्यू वापरतात, चौरस मीटरला 12 ग्रॅमच्या आसपासचा. आपल्याकडचा पतंगी कागद त्याहून जड असतो. माझ्या काट्यावर ताव वीसच्या आसपास भरला आहे. पण तो कुठेही मिळतो आणि रंग तर हवे तेवढे. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास, येवल्यात किंवा नागपुरात डिसेंबर-जानेवारीत संक्रांतीच्या आधी गेलात तर ताव निवडून घेता येतात. उजेडासमोर धरून भोकं आणि गाठी बघा. वर्षभराचा साठा तेव्हाच करून ठेवा.

कागदाला दिशा असते. कोपऱ्यातून फाडून बघा. ज्या दिशेनं सरळ फाटतो ती दिशा पंखाच्या लांबीत ठेवायची. उलट ठेवलात तर फासळ्यांमध्ये कागद खोलगट बसतो आणि पंखाचा आकार बिघडतो.

डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं द्रावण. जुन्या काळी खरी विमानंही कापड आणि डोपनंच मढवायचे. 1958 साली पहिल्यांदा उडालेलं, बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टनं बनवलेलं पुष्पक हेही कापडानं मढवलेलंच होतं. आपल्याला मॉडेलचा डोप शोधत बसायची गरज नाही. फर्निचर पॉलिशच्या दुकानात एनसी (म्हणजे नायट्रोसेल्युलोज) क्लिअर लॅकर आणि एनसी थिनर मिळतं, तेच द्रव्य. लाकडाच्या लॅकरमध्ये मऊपणासाठी आधीच काही मिसळलेलं असतं, त्यामुळे ते खऱ्या डोपपेक्षा थोडं कमी ताणतं. कागदाला तेवढं पुरतं.

आधी सांगाड्याच्या ज्या भागांना कागद टेकणार तिथे लॅकरचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात सुकल्यावर 400 च्या पॉलिश पेपरनं हलकं घासा. मग कागद कोरडाच वर ठेवा, हलका ताणा, आणि ब्रशनं वरून थिनर लावा. थिनर कागदातून आत झिरपतं, खालचं लॅकर ओलं होतं, बोटानं दाबलं की चिकटतं. थिनर नको असेल तर पतंगवाल्यासारखी कणकेची पातळ खळ वापरा, तीही उत्तम धरते.

आता पाणी. फवाऱ्याच्या बाटलीनं हलकं धुकं मारा, ओघळ यायला नको. कागद आधी ढिला पडतो, घाबरू नका, सुकताना तो आपोआप ताणतो. पण गडद लाल, जांभळ्या पतंगी कागदाचा रंग पाण्यात सुटतो. तुकड्यावर बघून घ्या. सुटत असेल तर पाणी वगळा आणि ताणायचं काम लॅकरवर सोडा. सुकेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचण्यांनी बांधून ठेवायचा, खाली काडेपेटीच्या काड्या ठेवून, म्हणजे खालूनही हवा लागते. रात्रभर तसाच राहू द्या.

मग निम्मं लॅकर निम्मं थिनर करून दोन किंवा तीन पातळ हात, दर वेळी दोन्ही बाजूंना एकाच दिवशी. शेवटच्या हातात 100 मिलीमागे 15-20 थेंब एरंडेल घाला. त्यानं थर लवचिक राहतो, नाहीतर वर्षभरात कागद पापडासारखा ठिसूळ होतो.

पावसाळ्यात हे काम शक्यतो करू नका. दमट हवेत थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकरवर पांढरट झाक येते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ही झाक हमखास. आलीच तर कोरड्या दिवशी वरून नुसत्या थिनरचा हलका हात फिरवा, बऱ्याच वेळा जाते. आणि जिथे लॅकर चाललंय तिथे खिडक्या सताड उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवासुद्धा विझलेला. या वाफा भसकन पेट घेतात. लहान मुलांना ब्रश द्यायचा असेल तर खळीचं काम द्या, लॅकर स्वतः करा.

अस्तराचं कापड

पंखविस्तार दोन मीटरच्या पुढे गेला, किंवा विमान खडकाळ माळावर उतरणार असेल, तर कापडासारखं दुसरं काही नाही. ब्लाउजचं अस्तर विकणाऱ्या दुकानात पॉलिएस्टरचं टॅफेटा मागा. सुती अस्तर चालत नाही, ते उष्णतेनं आकसत नाही. दोन धागे काढून काडीनं पेटवा. पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो, सुती धाग्याची राख होते. मिश्र कापडात दोन्ही दिसतं, ते परत द्या. गोंडस चमक बघून जाड अस्तर उचलू नका. चौरस मीटरला 50-60 ग्रॅमच्या वर कोरडं कापड मी घेत नाही.

सांगाड्याला फेविकॉलचा दाट हात देऊन सुकवा, दुसरा हात द्या, सुकवा. कापड वर ताणून इस्त्रीनं कडा चिकटवा, क्रम फिल्मसारखाच. मग आधी 120 अंशांच्या आसपास, नंतर 150 वर इस्त्री मधल्या भागावर फिरवत ताणा. खऱ्या विमानांच्या पॉलिएस्टर कापडालाही असंच टप्प्याटप्प्यानं, शेवटी 175 पर्यंत तापवतात. बाल्साच्या नाजूक सांगाड्याला तो शेवटचा टप्पा झेपत नाही, मागची कड धनुष्यासारखी वाकते. कापडाची छिद्रं बुजवायला पातळ लॅकरचे दोन हात. रंग त्यावर, तोही फवाऱ्यानंच. ब्रशनं दिलेल्या रंगाचं वजन बघून तुम्हाला धक्का बसेल.

थर्माकोलच्या पंखाला ब्राउन पेपर

थर्माकोलला थिनर, लॅकर, साधा स्प्रे रंग यांतलं काहीही लावू नका, ते विरघळून खड्डे पडतात. वह्यांना घालतो तो ब्राउन पेपर आणि फेविकॉल एवढंच पुरतं. कागदाची खरखरीत बाजू आत. कागद आधी ओल्या स्पंजनं पुसून पाच मिनिटं फुगू द्या, मग त्या बाजूला निम्म्या पाण्याचा फेविकॉल फासा, पंखावर ठेवा आणि मधून कडांकडे हातानं हवा काढत जा. खालची आणि वरची बाजू एकाच बैठकीत झाली पाहिजे. एक बाजू करून दुसरी उद्यावर टाकली तर सकाळी पंख केळ्यासारखा वळलेला सापडतो. पंख कापताना थर्माकोलचे जे साचे उरले असतील त्यांच्यातच पंख ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या, मध्ये प्लास्टिकचा कागद घालून, आणि एक-दोन दिवस हात लावू नका. सुकल्यावर पंख उचललात की कळेल, तोच थर्माकोल हातात लाकडासारखा लागतो. वजन बरंच वाढतं, पण मुलं शिकताना आपटतात त्या विमानाला हेच द्या. वरून पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचा एक हात दिला की दवानं भिजत नाही.

फुलांच्या गुच्छाचा, ज्याला आपण जिलेटीन कागद म्हणतो तो माल कितीही रंगीत दिसला तरी यातल्या कशालाच उपयोगी नाही. त्याला गोंद नसतो आणि इस्त्रीखाली तो गोळा होतो.

रंग, सांधे आणि मैदानावरची दुरुस्ती

पारदर्शक लॅमिनेशन फिल्मला रंग द्यायचा तर भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं ती हलकी मंद करा, स्पिरिटनं पुसा आणि स्प्रेचा एकच पातळ थर द्या. दुसऱ्या थराचा मोह टाळा. उंचावर विमान कुठल्या बाजूला कललंय हे कळायला वरची आणि खालची बाजू वेगळी दिसली पाहिजे, म्हणून मी खालून फक्त दोन रुंद काळे पट्टे मारतो आणि वरून पिवळा रंग. बाकी नक्षी वजन वाढवते. सगळे जोड मागच्या दिशेला उघडतील असे ठेवा, म्हणजे वारा त्यात शिरत नाही.

मैदानावर फाटलं तर पारदर्शक पॅकिंग टेप दोन्ही बाजूंनी. घरी आल्यावर ती काढून नीट तुकडा बसवा, कारण उन्हात टेपचा गोंद सरकतो. उन्हावरून आठवलं, मे महिन्यात बंद गाडीत विमान ठेवू नका. फिल्मचा गोंद मऊ होतो, ताणलेली फिल्म कडांवरून सरकते आणि संध्याकाळी सगळ्या खणांत सुरकुत्या दिसतात. कडा आधी पुन्हा दाबून घ्या आणि मगच खण ताणा.

पहिल्या उड्डाणाआधी विमान टेबलावर ठेवून दोन मीटर मागे जा, एक डोळा मिटा आणि मागच्या कडेवरून दोन्ही पंख बघा. एका टोकाची मागची कड वर आणि दुसऱ्याची खाली दिसत असेल तर पंखाला पीळ आहे. कुणाला तरी पंख उलट दिशेनं, थोडा जास्तच पिळून धरायला सांगा, दोन्ही बाजूंच्या खणांवर हीट गन फिरवा, गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा आणि मग सोडा. कागदाच्या पंखाला हेच केटलीच्या वाफेवर करा. दोन-तीन वेळा करावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, रात्रीतून थोडा पीळ परत येतो.